लगामाचे फोड

तीर्थाची पळी महिपतरावाच्या तळहाताशी आली आणि थांबली. फार नाही, पापणी लवावी एवढीच. मग ती वीतभर वर गेली आणि पुजाऱ्यानं तिथूनच तीर्थ सोडलं. दोन थेंब बाहेर उडाले, उरलेलं तळव्याच्या खोलगटात पडलं आणि चरचरलं. सवयीनं त्यानं ते ओठाला लावलं, ओला हात डोक्यावरून फिरवला, आणि फिरवून झाल्यावर त्याच्या मनात आलं, हा हात आपण डोक्याला कशाला लावला? शेजारी शरयू उभी होती. पाच वर्षांची पोर, उजव्या हाताखाली डावा हात धरून, शिकवल्याबरहुकूम. तिच्यासाठी पळी खाली आली, अगदी तिच्या तळव्याला टेकली. माधवगंजातल्या या दत्ताच्या देवळात महिपतराव नागवा धावायच्या वयापासून येत होता, आणि हा पुजारी त्याच्या बारशाला जेवलेला. पुजारी काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. "दफेदार, हाताला काय झालं?" असं त्यानं विचारलं असतं तर "काही नाही, लगामाचे फोड" हे उत्तर महिपतरावाच्या जिभेवर तयार होतं. पण न विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं कसं? तो पायऱ्या उतरला, उजव्या हातात पुन्हा पांढरा मोजा चढवण्याआधी त्यानं तळवा उन्हात धरला. अंगठ्याच्या उंचवट्यावर चार-पाच पिवळे फोड होते, भिजलेल्या साबुदाण्यासारखे, कातडीच्या आत खोल बसलेले. त्यांच्या आजूबाजूला जुने सुकलेले तपकिरी ठिपके. लगामाचेच, त्यानं स्वतःला सांगितलं, आणि मोजा घाईनं ओढून घेतला. लगाम हातातून जाऊन अख्खा हिवाळा सरत आला होता.

घोडे गेले ते दिवाळीनंतर लगेच. ग्वाल्हेर संस्थान मध्य भारतात मिसळलं तेव्हा रिसाल्यातल्या, म्हणजे घोडदळातल्या, लोकांना त्याचं फारसं काही वाटलं नव्हतं. राज्य कुणाचंही असो, पहाटे घोड्याला चंदी घालावीच लागते. पण मग हुकूम आला की फौज आता हिंदुस्थानच्या सैन्यात जाणार, निवडक माणसं घेणार, बाकीच्यांना घरी बसवणार, आणि घोडे तर नकोतच. पडावाच्या मागे मालधक्क्यावर आगगाडीचे डबे लागले. महिपतरावाची घोडी सावनी फळीवर पाय ठेवीना. घोड्यांची निगा राखणारे सईस ओढू लागले, कुणी मागून चाबूक उगारला, तेव्हा त्यानं सगळ्यांना शिव्या देऊन बाजूला केलं आणि स्वतः लगाम धरून पाठमोरा डब्यात शिरला. ती मागोमाग आली. विश्वासानं आली, हेच वाईट. आत अंधारात तिनं नाक त्याच्या मुठीवर घासलं, त्यानं लगाम सोडला आणि बाहेर आला. त्या दिवशी हातात फोड होता का? होता. असावा. तो आठवून आठवून थकला. वीस वर्षांत त्याच्या हाताला लगामाचे इतके फोड आले होते की त्यांचं कूळ-गोत्र त्याला पाठ होतं. लगामाचा फोड येतो तो करंगळी आणि अनामिकेच्या बेचक्यात, जिथून चामड्याची वादी जाते तिथे. त्यात स्वच्छ पाणी असतं. तो फुटतो, झोंबतो, आठवड्यात त्याचा घट्टा होतो, आणि घट्टा म्हणजे स्वाराचा दागिना. हे फोड भलत्याच जागी होते, जिथं लगाम कधी शिवत नाही तिथं. जन्मतःच पिवळे. पाणी नाहीच, पहिल्या दिवसापासून पू. ते फुटत नसत. आतल्या आत सुकून तपकिरी होत, वरची कातडी पोपड्यासारखी निघून जाई, आणि खाली लालबुंद तळवा दिसतो न दिसतो तोच त्यावर नवी पेरणी झालेली असे. पायांच्या तळव्यांवरही तेच, टाचेच्या पुढच्या खोलगटात. त्यावर त्यानं बुटांना दोष देऊन पाहिला होता. बूट बिचारे काय बोलणार!

थंडीनं मात्र त्याला साथ दिली. ग्वाल्हेरची थंडी हाडात शिरणारी, तेव्हा घरात मोजे घालून बसलेल्या माणसाला कुणी हसत नाही. लीलाबाईला त्यानं सांगितलं, हात फुटलेत, तूप लावलंय, म्हणून मोजे. ती म्हणाली, "मग मला दाखवा की. मी आमसुलाचं तेल गरम करून लावते." त्यावर तो उगाचच खेकसला. परेडचे पांढरे मोजे होते, तीन जोड, सरकारजमा करायचे राहून गेलेले. रोज संध्याकाळी त्यातला एक तो मोरीत टाकी आणि रोज सकाळी तो धुतलेला, वाळलेला, खुंटीवर असे. पांढऱ्या कापडावरचे पिवळे डाग तिला दिसत नसतील असं तो स्वतःला समजावत असे. जेवायला तो तिच्यानंतर बसू लागला, डाव्या हातानं पाणी ओतून घेऊ लागला, आपला तांब्या वेगळा ठेवू लागला. आणि शरयू? तिला बाहेर जाताना बापाचं बोट लागायचं. किल्ला गेटला आत्याकडे जा नाहीतर कोपऱ्यावर जिलबी आणायला जा, बोट हवंच. तेव्हा त्यानं एक खेळ काढला. सावनीच्या जुन्या लगामाची हातभर वादी घरात राहिली होती. तिचं एक टोक तो धरायचा, दुसरं शरयूला द्यायचा. "मी घोडा, तू स्वार. पण घोड्याला हात लावायचा नाही, हां. हात लागला की घोडा बुजतो." वादी द्यायचीही रीत होती: स्वारानं ती वरून घोड्याच्या मुठीत सोडायची, बोटाला बोट लागू न देता. पोरीला खेळ एवढा आवडला की ती आळीतल्या लोकांनाही बजावू लागली, "आमच्या आबांना हात लावू नका हां, ते बुजतात." लोक हसत. महिपतरावही हसे, आणि हसताना त्याच्या अंगावर काटा येई.

कारण कान्होजीकाका. ते नाव घरात तीस वर्षं कुणी घेतलं नव्हतं, आणि महिपतरावानंही ते मनात इतक्या खोल पुरून ठेवलं होतं की पुरलेली जागाही विसरावी. पण फोडांनी ती जागा बरोबर उकरून काढली. कान्होजीकाका त्याच्या वडिलांचा चुलतभाऊ, रिसाल्यातच सईस होता, किल्ला गेटच्या घरात मागच्या पडवीत राहायचा. लहानग्या महिपतला बोट धरून तो तबेल्यात न्यायचा. उंच, काळा, सदा हसरा माणूस. चिलीम भरताना तो निखारा चिमट्यानं न घेता बोटांनी उचलायचा, तळहातावर ठेवायचा, घोळवायचा आणि म्हणायचा, "बघ महिपत, विस्तवाची आणि आपली दोस्ती आहे." पोरं टाळ्या पिटायची. एकदा ते आईनं पाहिलं. ती टाळ्या वाजवणाऱ्यातली नव्हती. तिनं महिपतला हाताला धरून आत ओढलं, चुलीवरच्या गरम पाण्यानं त्याचे हात राखेनं घासघासून धुतले, आणि त्या रात्रीपासून काकाची भाकरी पत्रावळीवर लांबून सरकवली जाऊ लागली. घरात कुजबूज झाली तो शब्द महिपतनं प्रथमच ऐकला: महारोग. महारोग्याला विस्तव कळत नाही. काही दिवसांनी एक छकडा आला. काका त्यात बसला, मुरारच्या पलीकडे कुठेशी नेला म्हणाले. जाताना त्यानं महिपतकडे पाहून हात वर केला होता, महिपतनं आईच्या पदराआड तोंड लपवलं होतं. ते बोट त्यानं किती वर्षं धरलं होतं! हा रोग वर्षानुवर्षं दबा धरून बसतो असं लोक म्हणतात. तीस वर्षं बसला असेल? का नाही बसणार? मांजर उंदराच्या बिळाशी बसतं तेव्हा ते घड्याळ बघत नाही.

मग एका दुपारी त्यानं सुई घेतली. लीलाबाई शेजारी मंदाताईंकडे वड्या घालायला गेली होती, शरयू तिच्याबरोबर. खिडकीशी बसून त्यानं मोजा काढला, तळवा मांडीवर उताणा ठेवला, आणि जिथं घोडेस्वार आपली सगळी ताकद ठेवतो त्या जागी, बोटांच्या मुळाशी, सुई टेकवली. दाबली. काही नाही. आणखी दाबली. सुई आत गेलेली डोळ्यांना दिसत होती, कातडी खाली दबत होती, आणि हाताला काहीही सांगायचं नव्हतं. शेजारच्या बोटाशी. तिथेही नाही. कपाळाला घाम फुटला. तो गार घाम त्याला मात्र व्यवस्थित कळला. त्यानंतर त्याला दुसरा उद्योगच उरला नाही. जेव्हा एकांत मिळेल तेव्हा टोचून बघायचं. कधी विडीचं पेटतं टोक. कधी लोहाराच्या सांडशीसारखं चिमट्यात धरून दाबायचं, जशी लंगड्या घोड्याच्या खुराची तपासणी करतात तशी. कुठे दुखतं, कुठे नाही, याचा एक नकाशाच त्याच्या डोक्यात तयार झाला, आणि दर वेळी न दुखणारा मुलूख त्याला वाढलेला दिसे. एक गोष्ट त्याच्या लक्षात येत होती आणि तो ती लक्षात घेत नव्हता: जिथं जिथं तो टोचे, भाजे, चिमटे घेई, त्याच्या कडेनं आठवडाभरात लाली चढे आणि त्या लालीवर नवे पिवळे दाणे येत. त्याला वाटे, आपण रोगाला शोधतो आहोत. रोग त्याच्या मागोमाग येत होता, सावनीसारखा.

फागुन लागला. उन्हं तापू लागली आणि मोजे हास्यास्पद दिसू लागले. तशात एका सकाळी सूर्याजी दारात येऊन उभा राहिला. हा त्याच्याच तुकडीतला दफेदार, मोठ्या आवाजाचा, कुणाच्याही घरी ओसरीवरूनच बोलायला सुरुवात करणारा. "अरे महिपत, सुनलास का? निवडीचा बोर्ड येऊन राहिलाय, होळीच्या आधीच. दिल्लीचे डॉक्टर लोक आहेत. एकदम सगळं उतरवून बघतात म्हणे. दात, छाती, नस, तळवे, सब! संभाजीरावाला पायाची नस फुगलीय म्हणून बाहेर केलं झाशीला. बोल!"

"तळवे कशाला?" महिपतराव म्हणाला.

"आता मला काय मालूम? दोन्ही हात पुढे करायचे, उलटे-पालटे. कुणाला खाज-खुजली असेल तर पलटणीत पसरते ना. आणि तू हे मोजे काय चढवून बसलायस नवरदेवासारखे? उतार की!" असं म्हणून सूर्याजीनं सहज त्याच्या मनगटाकडे हात नेला. महिपतराव असा मागे सरकला की पाट उलटला. सूर्याजी क्षणभर बघत राहिला, मग हसला, मग निघून गेला. हसण्याच्या आणि जाण्याच्या मध्ये त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते महिपतरावानं दिवसभर पुन्हा पुन्हा पाहिलं. त्याला नोकरीची काळजी नव्हती असं नाही. पण नोकरी गेली तर माणूस घरी येतो. बोर्डानं तळवे पाहिले तर घरही जाईल. छकडा येईल. शरयू दाराआडून बघेल, तिला लीलाबाई आत ओढेल, राखेनं तिचे हात घासेल. आणि लीलाबाईनं तसं केलं नाही तर ते त्याहून भयंकर.

माळ्यावर सलोत्र्याच्या सामानातला एक डबा होता. सलोत्री म्हणजे रिसाल्याचा घोडेडॉक्टर. तो जाताना जे वाटून गेला त्यात महिपतरावाच्या वाट्याला हा डबा आला होता, तांबडं मलम, त्याला सगळे बलिस्टर म्हणत. घोड्याच्या पायात आत सूज धरली, कशानं हटेना, की हे चोळायचं. ते वरून फोड उठवतं, आग आग करतं, आणि आतलं दुखणं वर ओढून काढतं. काट्यानं काटा काढायचा. सावनीचा मागचा पाय त्यानंच बरा झाला होता. एवढं मात्र पाळावं लागे की मलम लावलं की घोड्याची मान काठ्यांनी आडवी जखडायची, नाहीतर तो आगीनं वेडा होऊन स्वतःचाच पाय चावून फोडतो. हे सगळं त्याला माहीत होतं. घोड्याला जे औषध लागू पडतं ते स्वाराला का पडू नये, हा विचार त्याला इतका सरळ वाटला की तो आधी कसा सुचला नाही याचंच नवल वाटलं. बायको-पोर देवळात गेलेली पाहून त्यानं डबा उघडला आणि दोन्ही तळहातांना, दोन्ही तळपायांना घसघशीत चोळलं, आणि वर मोजे चढवले. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग आग सुरू झाली. आधी कडांना, मग मनगटाकडे, मग सगळीकडे, आणि महिपतराव ओठ चावून, डोळ्यांत पाणी येईतो, चक्क आनंदला. दुखतंय! अजून दुखतंय! त्यानं मोजे काढले नाहीत.

दोन दिवसांनी त्याला हुडहुडी भरून ताप आला. दात वाजत होते आणि अंग तव्यासारखं तापलं होतं. लाली मनगटावरून दंडावर चढली, मांड्यांवर, पोटावर. कातडीला नुसतं पांघरूण लागलं तरी तो ओरडे. मग त्या लालीवर, बघता बघता, सकाळ ते दुपारच्या आत, बारीक पिवळे दाणे उमटले. शेकड्यांनी. बाजरी सांडावी तसे. दुपारनंतर ते एकमेकांत मिसळून त्यांची तळी झाली. आता लपवायला मोजा पुरणार नव्हता. लीलाबाईनं कात्रीनं मोजे कापून काढले. तिच्या नाकावर घाम होता, पण कात्री नीट चालत होती. मंदाताई आल्या, उंबऱ्यातूनच बघून त्यांनी दोन्ही हात जोडले. "अगं बाई, ही तर माता! शीतलामाता आलीय घरात. दवा-वैद्य बिलकुल नको हां लीला, ती रुसते. दारावर लिंबाचा पाला टांग, शिळं थंड खायला दे, आणि पोरीला माझ्याकडे पाठव." तापाच्या धुंदीत महिपतरावानं ते ऐकलं आणि त्याचं सगळं अंग त्या शब्दाला बिलगलं. माता! देवी! देवी आली तर माणूस मरतो नाहीतर वाचतो, पण त्याला कुणी छकड्यात घालत नाही. देवीच्या माणसाला लोक नमस्कार करतात. "देवीच आहे," तो पुटपुटला. "लीला, मंदाताई बरोबर बोलतायत. देवीच."

लीलाबाई त्याच्या उशाशी बसली आणि तिनं बोटानं त्याचा गाल चाचपला, कपाळ चाचपलं. तिथं लहानपणीचे व्रण होते, खोलगट. लग्नात तिच्या मैत्रिणींनी त्यावरून तिला चिडवलं होतं. "देवी तुम्हाला येऊन गेलीय," ती म्हणाली. "ज्याच्या घरी ती एकदा जेवून गेली त्याच्याकडे पुन्हा जेवायला येत नाही. हे दुसरं काहीतरी आहे." आणि मग, आवाज अगदी खाली आणून, "अहो, तुम्हाला काय वाटतंय ते मला माहीत आहे. मोजे मीच धूत होते ना." त्यानं डोळे मिटून घेतले. तिनं सूर्याजीला हाक मारली, टांगा आणवला.

सरकारी दवाखान्यातले डॉक्टर शरच्चंद्र हे जुन्या दरबारी घराण्यातले, बारीक आवाजाचे गृहस्थ. त्यांनी आधी त्याला थंड ओल्या फडक्यांत गुंडाळायला लावलं, ताप उतरवला. पहिले काही दिवस ते येत, नाडी बघत, आणि लीलाबाईकडे न बघता निघून जात, त्यावरून तिनं ओळखलं की जीवाची खात्री नाही. खिडकीशी उभं राहून तिला आपले दोन्ही तळवे उजेडात धरून, उलटेपालटे करून बघताना महिपतरावानं अर्धवट शुद्धीत पाहिलं. त्याला राग आला नाही. हेच तर आपणही करत होतो. बघून झाल्यावर ती परत आली आणि त्याच हातांनी तिनं फडकं बदललं. जीव जरा थाऱ्यावर आल्यावर एका सकाळी डॉक्टर खुर्ची ओढून बसले. त्यांनी त्याच्या कानाच्या पाळ्या चिमटीत धरून पाहिल्या, कोपराच्या मागची शीर बोटानं शोधली, डोळे मिटायला सांगून कापसाच्या बोळ्यानं अंगावर कुठे कुठे शिवले. "कळतंय?" "कळतंय." "आता?" "कळतंय." मग त्यांनी त्याचं कोपर उजेडात वळवलं. तिथं खपल्यांचा एक चंदेरी डाग होता. "हा कधीपासूनचा?"

"तो? तो जुना आहे, साहेब. दहा-बारा वर्षं. कोंडा आहे नुसता."

"आणि नखांना हे बारीक खड्डे?"

"घोड्यांच्या कामात नखं कोण बघतो?"

"सुई कुठे टोचलीत? तुमच्या मंडळींनी सांगितलं मला, त्यांनी दारातून पाहिलंय."

महिपतरावानं बोटांच्या मुळाची जागा दाखवली. डॉक्टरांनी तिथं नखानं टकटक वाजवलं. लाकडावर वाजावं तसं वाजलं. "हा घट्टा आहे, दफेदार. वीस वर्षांचा लगाम आहे हा. इथं सुईला कोण दाद देणार? नालबंद तुमच्या घोड्याच्या खुरात खिळे मारतो तेव्हा घोडा ओरडतो का? मग तुम्ही घोड्याला महारोगी म्हणता?" मग त्यांनी लीलाबाईनं घरून आणून उशाशी ठेवलेला तांबड्या मलमाचा डबा उघडला, वास घेतला, आणि त्यांचा बारीक आवाज एकदम चढला. "हे लावल्यावर घोड्याची मान बांधता ना तुम्ही? तुमची मान कुणी बांधली होती? याच्यानं मेला असतात." त्या रोगाचं नाव त्यांनी सांगितलं, सोरायसिस. कोपरावर होता तो साधा, खपल्यांचा. तळव्यांवर आला तो पुळ्यांचा. त्या पिवळ्या दाण्यांत पू असतो पण जंतू नसतो. डिवचलं, खरवडलं, भाजलं की तो तिथंच उठतो. आणि फारच डिवचलं की सगळ्या अंगावर, तापासकट, जीव घ्यायला. "परत येईल?" महिपतरावानं विचारलं. "येईल. जाईल, परत येईल. अंगावर लाली चढली, थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी इकडे यायचं, दाराला पाला बांधत बसायचं नाही. पण हा एकाचा दुसऱ्याला लागत नाही. लेकीला खुशाल हात लावा."

खाटेवर पडल्या पडल्या महिपतरावानं सुटकेचा श्वास सोडायला हवा होता. तो अर्ध्यावर अडकला. कान्होजीकाका सईस होता. फावडं, खरारा, दोर, बादल्या. त्याच्या तळहातांना केवढे घट्टे असतील! निखारा तो तिथंच तर घोळवायचा, बोटांच्या मुळाशी, आणि लगेच चिलमीत टाकायचा. महिपतरावानं त्याची बोटं आठवायचा प्रयत्न केला. झडलेली, वाकडी, आखूड? त्यानं ती वर्षानुवर्षं धरली होती, त्याला माहीत असायला हवं. बोट लांब होतं. अखंड होतं. नख होतं. छकड्यातून हात वर केला तेव्हा उन्हात पाचही दिसली होती. का आपणच आता तशी जोडून घेतो आहोत? विचारायला कुणी उरलं नव्हतं. आई गेली, वडील गेले, मुरारच्या पलीकडे काका कधी आणि कसा गेला ते कुणी कळवलं नाही, कुणी विचारलं नाही. महिपतरावाला एकदम थंडी वाजली. लीलाबाईनं घाबरून कपाळाला हात लावला, पण ताप नव्हता.

बोर्ड येऊन गेला होता. गैरहजर म्हणून त्याचं नाव वगळलं गेलं, पेन्शन लागली. सूर्याजीला नवी वर्दी मिळाली, आणि ती दाखवायला तो आला तेव्हा ओसरीवरच, जरा लांब बसला. डॉक्टरांनी काय सांगितलं ते लीलाबाईनं आळीत मुद्दाम मोठ्यानं सांगितलं होतं. लोकांनी माना डोलावल्या. माना डोलावायला काय जातं! चैत्रातल्या एका संध्याकाळी, अंगात जरा बळ आल्यावर, महिपतराव सदरा घालून दारात उभा राहिला. मोजे नव्हते. तळव्यांवर नवी कातडी आली होती, पातळ, गुलाबी, तान्ह्या पोरासारखी. घट्टे सगळे सोलून निघाले होते. अंगठ्याच्या उंचवट्याकडे त्यानं आज सकाळपासून पाहिलं नव्हतं, पाहायची हिंमत नव्हती. "शरयू," त्यानं हाक मारली, "चल, देवळात जाऊन येऊ." आणि त्यानं हात पुढे केला.

शरयूनं त्या हाताकडे पाहिलं. तिचा चेहरा उजळला, ती वळली आणि धावत आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात वादी होती. ती त्याच्यासमोर टाचा उंचावून उभी राहिली, वादीचं टोक त्याच्या तळव्यावर वीतभर उंच धरलं, आणि फार काळजीपूर्वक, बोटाला बोट लागू न देता, वरून सोडून दिलं. मग वादीच्या लांबीइतकी मागे सरकून तिनं आपलं टोक धरलं. "चला आबा."

आत लीलाबाईचा भांड्यांचा आवाज थांबला होता. पोरीची काय चूक होती? त्यानंच तिला ही रीत शिकवली होती, आणि ती चोख शिकली होती. त्यानं ते टोक मुठीत घेतलं आणि वादी मुठीभोवती गुंडाळायला सुरुवात केली. एक वेढा, दुसरा वेढा. शरयू तिच्या टोकासकट एकेक पाऊल पुढे येऊ लागली, आधी हसत, मग जरा गोंधळून. "आबा, घोडा बुजेल," ती म्हणाली. तो गुंडाळत राहिला. वादी संपली आणि तिची चिमुकली मूठ त्याच्या मुठीला येऊन टेकली. तिनं ती झटकन मागे घेतली नाही, पण श्वास रोखून धरला होता. चामड्याच्या कडा त्या नव्या कातडीत रुतत होत्या. ते तिला दिसलं असावं.

"दुखतं, आबा?"

"हो," तो म्हणाला. "दुखतं गं." आणि त्यानं मूठ उघडून तिची बोटं आत घेतली.